'नैतिक अधःपतन' म्हणजे माणूस नक्की किती पडला की?

नाइलाज_सचिव

नमस्कार मंडळी. कायदा आणि मराठी, दोन्ही कळणारे लोक इथे आहेत म्हणून इथेच विचारतो.

आमची मुलुंडची सोसायटी, बेचाळीस फ्लॅट. मी सचिव. का, तर गेल्या खेपेला सभेला उशिरा पोचलो आणि तोवर माझं नाव सुचवून, अनुमोदन देऊन, टाळ्याही वाजवून झाल्या होत्या. आता नव्या समितीची निवडणूक आहे आणि आमच्या तात्यांनी (वय ७१) अर्ज भरलाय. परवा रात्री माझ्या दाराच्या फटीतून एक पाकीट आत सरकलं. आत टाइप केलेली हरकत: 'सदर उमेदवारास जुगाराच्या गुन्ह्यात न्यायालयाने शिक्षा ठोठावलेली असून सदर गुन्हा नैतिक अधःपतनाचा असल्याने त्यांचा अर्ज बाद करण्यात यावा.' खाली सही. सही करणाऱ्यांच्या दोन गाड्या आहेत आणि गेल्या मे महिन्यात तात्यांनी टेप घेऊन स्टिल्टमधलं (इमारतीच्या खांबांमधलं) पार्किंग मोजलं होतं, एवढं सांगितलं की पुढचं तुम्ही ओळखाल.

गुन्हा मात्र खरा. १९९४ चा गणपती, तात्या तेव्हा गिरगावात चाळीत राहायचे. जागरणाला मंडपामागे रस्त्याच्या कडेला तीन पत्ती चालू, पैसे लावून. रात्री दोनला पोलिसांची गाडी आली, सात जण उचलले. दुसऱ्या दिवशी कोर्टात सगळ्यांनी गुन्हा कबूल केला, शंभर-शंभर रुपये दंड भरला आणि संध्याकाळच्या आरतीला हजर. हे मला कुणी चहाडी करून सांगितलेलं नाही. तात्या स्वतःच दर गणपतीत सांगतात, अभिनयासकट.

आता मला सांगा, हे नैतिक अधःपतन झालं का? आणि मुळात हे ठरवतं कोण?

कटिंग_चहा

खुर्ची ओढून बसलोय. आधी सांगा, तात्यांच्या हातात पानं काय होती?

नाइलाज_सचिव

@कटिंग_चहा, यंदा एक्क्यांची ट्रेल होती, म्हणजे तिन्ही पानं एक्के. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा नुसता कलर होता. हात दरवर्षी वाढतोय.

काळा_कोट

सचिव, तुमचा प्रश्न दोन ओळींत मिटतो, आणि मिटत नाहीही.

मिटतो असा: तुमच्या सोसायटीच्या छापील उपविधींचं (बाय-लॉजचं) पुस्तक काढा. समितीच्या अपात्रतेच्या कलमात 'नैतिक अधःपतनाचा अंतर्भाव असलेल्या अपराधाबद्दल सिद्धदोष' असं असेल, आणि त्यालाच जोडून शिक्षेनंतर अमुक वर्षं उलटली असतील तर ही आडकाठी नाही, असंही असेल. ती वर्षं मोजा. १९९४ ला तीस वर्षं होऊन गेली. शिवाय हरकत घेणाऱ्याने निकालाची प्रमाणित प्रत आणावी. तात्यांच्या तोंडची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, नाहीतर ट्रेलही पुराव्यात येईल.

मिटत नाही असा: या शब्दाची व्याख्या कुठल्याच कायद्यात नाही. सहकार, बँका, वकिली, पासपोर्ट, ग्रॅच्युइटी, सगळीकडे तो वापरलाय. अर्थ सांगायची वेळ आली की कायदा कोर्टाकडे बोट दाखवतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या १९५९ च्या एका निकालात म्हटलंय की न्याय, सचोटी, शालीनता, सदाचार यांच्या विरुद्ध जाणारं, माणसाच्या स्वभावातला नीचपणा दाखवणारं वागणं म्हणजे हे. लगेच पुढे असंही म्हटलंय की प्रत्येक खोटं बोलणं काही यात बसत नाही. त्याच न्यायालयाने १९६३ मध्ये तीन कसोट्या दिल्या, आजही वकील त्याच घोकतात: त्या कृत्याने समाजाच्या सदसद्विवेकाला धक्का बसतो का, हेतू हलका होता का, आणि करणाऱ्याकडे समाज तुच्छतेने बघेल का.

तिसरी कसोटी नीट वाचा. समाज तुच्छतेने बघेल का! त्यांच्या चाळीत तात्या परत आले तेव्हा लोकांनी काय केलं?

नाइलाज_सचिव

आरतीचं ताट त्यांच्या हातात दिलं. हे खरंच सांगतात ते.

काळा_कोट

मग झालं. आता तुमच्या तात्यांच्या फार जवळचा एक निकाल सांगतो. हरियाणातला एक चतुर्थ श्रेणी सरकारी कर्मचारी. सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य किंवा शब्द, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २९४. दंड किती, तर वीस रुपये. त्या वीस रुपयांपायी नोकरी गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. मुळातच नीच, हलकं, विकृत असं वागणं म्हणजे नैतिक अधःपतन, आणि या कलमाखाली झालेली प्रत्येक शिक्षा त्यात येईलच असं नाही, असं सांगून. पण मला त्या निकालातलं वेगळंच वाक्य आवडतं. न्यायालय म्हणतं, अशा झटपट खटल्यांत लोक वर्षानुवर्षं हेलपाटे घालण्यापेक्षा गुन्हा कबूल करून मोकळे होतात, हे नेहमीचंच झालंय. आणि पुढे संसदेला सुचवलं की दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड ही कुठल्याच कारणासाठी शिक्षा धरू नये, अशी काही तरतूद करा.

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या माणसांना कुणीतरी कोर्टाच्या व्हरांड्यात सांगितलेलं असतं, 'कबूल कर आणि सुट'. तो सुटतो. कागद सुटत नाही.

अवांतर: तात्यांनी रमी खेळायला हवी होती. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, आणि त्याच निकालात तीन पत्ती म्हणजे निव्वळ नशीब, असं म्हणून ठेवलंय.

कटिंग_चहा

तीन पत्ती निव्वळ नशीब? न्यायमूर्ती आमच्या मेव्हण्याबरोबर बसलेले दिसत नाहीत.

अनुस्वार

शब्दाबद्दल बोलू का थोडं? कायद्यातलं मला कळत नाही.

मूळ लॅटिन शब्द 'तुर्पिस' म्हणजे कुरूप, ओंगळ. इंग्रजी कायद्याने त्यावरून जो शब्द उचलला, 'मॉरल टर्पिट्यूड', त्यात पडणं-बिडणं काही नाही, ओंगळपणा आहे. हिंदीत कायद्याच्या पुस्तकांत 'नैतिक अधमता' म्हणतात, तेही मुळाच्या जवळचं. आपण मराठीत 'अधःपतन' केलं. म्हणजे माणूस मुळात वर होता, तिथून खाली आला. जो कधी वर नव्हताच त्याचं काय करायचं, हा प्रश्न भाषांतरकाराने आपल्यावर सोडलाय.

पण चुकून का होईना, तो शब्द जुन्या घरात जाऊन बसला. पातक, पतित, पतन, सगळे एकाच 'पत्' धातूचे. पातक म्हणजे पाडणारं. धर्मशास्त्रात पतिताला जातीबाहेर काढायचा विधी होता, पाण्याने भरलेलं मडकं लाथेने उपडं करायचं. त्याचं नाव घटस्फोट. आज तो शब्द आपण कशासाठी वापरतो ते सांगायला नको. आणि मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातच परत घ्यायचाही विधी आहे: त्याने प्रायश्चित्त केलं की सगळ्यांनी त्याच्याबरोबर पाणवठ्यावर स्नान करायचं आणि पाण्याने भरलेला नवा घट पाण्यात सोडायचा. 'त्याच्याबरोबर' हे मला महत्त्वाचं वाटतं. नुसतं 'चल, माफ केलं' नाही, एकाच पाण्यात उतरायचं.

आणि आपला देव पतितपावन. पडलेल्याला पावन करणारा. ओंगळाला पावन करणारा, असं कुणी म्हटलं असतं का, शंका आहे.

हे झालं ग्रंथातलं. रोजच्या मराठीत अधःपतन कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो, पायरी सोडली, पातळी सोडली, ताळ सोडला. किंवा सरळ, शेण खाल्लं.

कटिंग_चहा

+१. 'शेण खाणे' इतकी नेमकी संज्ञा असताना कायदेमंडळ अधःपतनात का पडलं?

पासबुक

'शेण खाल्लं' वरून आठवलं. मी चौतीस वर्षं बँकेत काढली. बँकांना तर हा शब्द थेट लागू आहे. बँकिंग विनियमन कायद्याच्या दहाव्या कलमात आहे की अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला बँकेने कामावर ठेवताच कामा नये. बँकेच्या मर्जीचा प्रश्नच नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उपनगरातली आमची एक शाखा. आमच्यातलाच एक क्लार्क, गुरुवारी भजनात पेटी वाजवायचा, कुणाच्याही घरी काही असलं तर पहिला. एका पेन्शनर बाईंच्या खात्यावर बरेच महिने हालचाल नव्हती. बाई वारल्या होत्या, घरच्यांनी कळवलं नव्हतं. या गृहस्थाने पैसे काढायच्या स्लिपवर अंगठा उठवला. आठशे रुपये. पकडला कसा गेला? बाई सही करायच्या. नमुन्याच्या कार्डावर जाड निळ्या शाईतली, थोडी थरथरती सही होती आणि स्लिपवर अंगठा. मॅनेजरांनी कार्ड आणि स्लिप काचेवर शेजारी शेजारी ठेवली, बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाले, 'शेण खाल्लंस रे.' त्याने मान खाली घातली. आम्ही सगळे काउंटरवर होतो, नोटा मोजण्याचा आवाजसुद्धा थांबला होता.

त्याने शाखेत कुणाला मारलं असतं, तर आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर डबा खाल्ला असता. आठशे रुपयांनंतर कुणी खाल्ला नाही. हे बरोबर होतं असं नाही म्हणत. झालं असं, एवढंच.

कोर्टांचीही नजर साधारण आमच्या काउंटरसारखीच दिसते. टेलिफोन बिल भरायला दिलेले पाच हजार रुपये एका बँकेच्या शिपायाने स्वतः वापरले. शिक्षेनंतर त्याला परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडलं होतं. तरी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परिवीक्षेने तुरुंग टळतो, दोष पुसत नाही. नोकरी गेली ती गेलीच. उलट २०१९ मध्ये मारामारीत दुखापत केल्याबद्दल दोषी ठरलेल्या बँकेच्या एका निरोप्याबाबत न्यायालय म्हणालं, प्रत्येक हाणामारी म्हणजे नैतिक अधःपतन नव्हे.

सातवी_गल्ली

पासबुक काका, डब्याचं लिहिलंत ते आवडलं. पण एक सांगू? तुमच्या काउंटरवर 'नैतिक' म्हणजे पैसा. काउंटरच्या बाहेर, बिल्डिंगमध्ये, या शब्दाचा अर्थ वेगळाच आहे.

'त्याचं चारित्र्य चांगलं नाही' असं तुम्ही ऐकलंत तर डोळ्यासमोर काय येतं? खोटं व्हाउचर येतं? कुणाच्याच येत नाही. आमच्या सोसायटीच्या एका माजी खजिनदारांनी रंगाचं बिल दोनदा लावलं होतं, एकदा ए विंगला आणि तेच पुन्हा बी विंगला. रंग एकदाच लागला. त्यांच्याबद्दल लोक आजही म्हणतात, 'चालू आहे, पण कामाचा माणूस.' चालू! आणि चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुलगी. न्यूज चॅनलमध्ये रात्रपाळी, पहाटे चारला कॅबमधून उतरते. तिच्याबद्दल तेच लोक आवाज खाली करून बोलतात. कायद्याच्या भाषेत त्या दोघांपैकी अधःपतनाच्या जवळ कोण आहे ते काळा कोट सांगतीलच.

पुरुषाचं चारित्र्य पाकिटात आणि बाईचं घड्याळात. भाडेकरूची पोलिस पडताळणी दोघांचीही होते. प्रश्न मात्र तिलाच विचारतात, 'कोण कोण येतं घरी?'

मुंबईला हे नवीन नाही. डान्स बार २००५ मध्ये नीतीच्याच नावाने बंद केले. उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते कायम केलं, मग २०१६ मध्ये नवा कायदा आला. २०१९ मध्ये त्यातल्या बऱ्याच अटी काढताना न्यायालयाला सांगावं लागलं की सरकारने नीतीची आपली कल्पना समाजावर लादू नये. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्साच्या हॉटेलांतून जोडप्यांना बाहेर काढून पोलिस कायद्याखाली बाराशे रुपये दंड लावल्याचं तुम्हाला आठवत असेल. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. आतून कडी लावलेल्या खोलीत! त्यांच्यापैकी एखादीने उद्या सोसायटीच्या समितीचा अर्ज भरला, तर दाराखालून पाकीट येईल की नाही?

काळा_कोट

येईल. आणि बाद व्हायला हवं. हे लिहून ठेवा, लोकांच्या डोक्यात इथेच गोंधळ असतो: कायद्याला आधी गुन्हा लागतो. लोकांना नुसता संशय पुरतो. विवाहबाह्य संबंधाचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्दच केलं. म्हणजे गल्लीत ज्याला सगळ्यात मोठं अधःपतन म्हणतात, तो आज गुन्हाच नाही. तुमचे दोनदा रंगवणारे खजिनदार मात्र थेट या शब्दात बसतात, कुणी तक्रार करून सिद्ध केली तर.

रोखठोक_राव

सगळे तात्यांना गोंजारताय. माझा साधा हिशोब आहे. कायदा मोडला ना? मग नीती मोडली. लहान गुन्हा, मोठा गुन्हा असं एकदा सुरू झालं की प्रत्येकाचा गुन्हा लहानच असतो.

काळा_कोट

रावसाहेब, कधी फोर्टला उच्च न्यायालयात या. ज्या दालनात २२ जुलै १९०८ ला टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याच्या बाहेर टिळकांचे त्या दिवशीचे शब्द संगमरवरावर कोरून लावलेत. स्वतंत्र भारतात, १९५६ मध्ये, मुख्य न्यायाधीश छगलांच्या हस्ते. ज्या कोर्टाने दोषी ठरवलं त्याच कोर्टाच्या भिंतीवर. गांधींना तर १९२२ च्या शिक्षेनंतर लंडनच्या इनर टेम्पलने बॅरिस्टरांच्या यादीतून काढलं, परत घेतलं ते थेट १९८८ मध्ये. तुमच्या हिशोबाने दोघांचा अर्ज छाननीत बाद.

म्हणूनच कायद्यात हा वेगळा शब्द आहे. प्रत्येक शिक्षा सारखीच धरायची असती तर 'सिद्धदोष' एवढं लिहून भागलं असतं. २०१६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या अर्जात लपवलेल्या गुन्ह्यांबद्दल बोलताना उदाहरणच दिलंय: तरुणपणी दिलेल्या घोषणांसारखा क्षुल्लक मामला असेल तर मालकाने त्याकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही.

रोखठोक_राव

टिळकांना तीन पत्तीच्या पंगतीला बसवलंत. धन्य आहे. पण मुद्दा पोचला, अर्धा.

परदेशी_पाहुणा

धागा वाचतोय. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात हाच शब्द आहे, माझा ग्रीन कार्डचा वकील त्यावरच पोट भरतो. तिथेही व्याख्या नाही. १९५१ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा शब्द फारच संदिग्ध आहे असा मुद्दा आला होता. बहुमताने तो फेटाळला, फसवणूक असली की हा शब्द लागू होतोच असं म्हणून. न्या. जॅक्सन यांनी वेगळं मत लिहिलं. एवढंच, चालू द्या.

डबल_बेल

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझे वडील बसवर कंडक्टर होते. कुठल्या, ते राहू दे. सव्वीस वर्षं सर्व्हिस. निवृत्तीला चार वर्षं असताना गाडी तपासली. वेबिलापेक्षा (फाडलेल्या तिकिटांच्या हिशोबापेक्षा) कॅश चौऱ्याहत्तर रुपये जास्त, आणि सात प्रवाशांकडे तिकीट नाही, पैसे दिलेले. बाबांचं म्हणणं, गर्दी होती, पुढच्या स्टॉपच्या आत फाडणार होतो. खरं काय, मला माहीत नाही. हे लिहायला मला वीस वर्षं लागली, की मला माहीत नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची की गर्दी होती.

चौकशी झाली, बडतर्फ केलं. पोलिसात तक्रार नाही, कोर्ट नाही, काही नाही. आणि ग्रॅच्युइटी जप्त. पत्रात हाच शब्द होता. मी तेव्हा बारावीत. बाबांनी पत्र माझ्या हातात दिलं, 'वाच गं, काय लिहिलंय.' ते सातवी शिकलेले, वाचता यायचं त्यांना, मला वाटतं वाचूनही झालं होतं. मी वाचलं, 'नैतिक अधःपतनाचे कृत्य'. मला अर्थ माहीत होता आणि मी सांगितलं, 'कळत नाही, ऑफिसचं काहीतरी आहे.'

त्यानंतर ते कुणाच्या लग्नाला गेले नाहीत. बसने कुठे गेलेच, तर सुटे पैसे मोजून मुठीत धरून बसायचे आणि तिकीट उतरेपर्यंत हातात ठेवायचे, उतरल्यावर घडी घालून खिशात. वारले तेव्हा त्यांच्या पिशवीत तिकिटांची गड्डी निघाली, रबर लावलेली.

काळा कोट, मला एवढंच विचारायचंय. कोर्टात गेलंच नाही तर हा शब्द कुणी लावू शकतं?

काळा_कोट

ताई, उत्तर द्यायला हात उचलत नाही, पण तुम्ही विचारलंय म्हणून सरळ सांगतो.

१९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) चौथ्या कलमात हे होतं: नोकरी करताना केलेल्या, नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरेल अशा कृत्याबद्दल काढून टाकलं असेल, तर ग्रॅच्युइटी पूर्ण किंवा काही भाग जप्त करता यायची. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात म्हटलं होतं की त्यासाठी फौजदारी कोर्टाने दोषी ठरवायला हवं. त्याच्या आधारावर बऱ्याच जणांना दिलासा मिळाला. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, कायद्याच्या शब्दांत तसं काही नाही. फौजदारी शिक्षा लागत नाही, खात्याच्या चौकशीत सिद्ध झालेलं गैरवर्तन तसं आहे का हे नेमणूक करणारा अधिकारी ठरवू शकतो.

त्या निकालात दोन प्रकारची प्रकरणं एकत्र होती. एक कोळसा कंपनीतलं, जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन नोकरी मिळवलेलं. तिथे पूर्ण जप्ती कायम ठेवली. दुसरी एसटीच्या कंडक्टरांची, भाड्याच्या पैशांच्या अपहाराची. तिथे रक्कम फार किरकोळ होती म्हणून न्यायालयाने जप्ती पंचवीस टक्क्यांवर आणली. बाकी पंचाहत्तर टक्के द्यायला लावले.

डबल_बेल

पंचवीस टक्के. बरं.

पासबुक

बेटा, तुझ्या बाबांना मी ओळखत नाही. पण आमच्या त्या क्लार्कला मी नंतर कधी भेटायला गेलो नाही, दोन स्टेशनं सोडून राहायचा. आज तुझं वाचून ते आठवलं.

अनुस्वार

मी वर ग्रंथातले दाखले देत बसलो होतो. डबल बेल, तुम्ही बारावीत जो अर्थ सांगितला नाहीत, तोच मला सगळ्यात बरोबर वाटतो. 'ऑफिसचं काहीतरी आहे.'

सातवी_गल्ली

डबल बेल, रबर लावलेल्या गड्डीजवळ थांबले. पुढे वाचायला वेळ लागला.

नाइलाज_सचिव

मंडळी, काल छाननी झाली. एवढं लिहिलंत सगळ्यांनी, म्हणून सांगायला आलो.

उपविधींचं पुस्तक टेबलावर ठेवलं. हरकत घेणाऱ्यांना विचारलं, निकालाची प्रत? त्यांच्याकडे नव्हती. मुदत वाचून दाखवली. ते म्हणाले, 'मुदत कायद्याची असेल, नीतीला मुदत असते का?' खरं सांगतो, मला क्षणभर उत्तर सुचलं नाही. हा माणूस पार्किंगसाठी भांडतोय हे माहीत असूनही सुचलं नाही.

तात्या उठले. मला वाटलं आता ट्रेल येणार. तर म्हणाले, 'सात जण होतो. सगळ्यांनी शंभर भरले, पण एकाकडे नव्हते. दोन नंबर खोलीतला, हॉटेलात कामाला होता. त्याचे आम्ही सहा जणांनी भरले. त्याची बायको नंतर आठवडाभर तोंड फिरवून जायची माझ्याकडे बघून, कारण मीच त्याला खेळायला बसवलं होतं. ते मला लागलं. शंभर रुपये नाही लागले.' आणि बसले.

निवडणूक अधिकारी म्हणून नेमलेल्या बाई शेजारच्या सोसायटीतल्या, शाळेतून निवृत्त. त्यांनी 'हरकत फेटाळली' असं लिहिलं आणि तात्यांना विचारलं, 'अजून खेळता का?'

'खेळतो की. दर शनिवारी.'

'पैसे लावून?'

'नाही हो. काजू लावून. डायबेटीस आहे, हरलेलंच बरं.'

अर्ज वैध. मतदान येत्या रविवारी. हरकतवाल्यांनीही अर्ज भरलाय, पार्किंगचा विषय घेऊन, आणि तात्या त्यांना टेप उसना द्यायला तयार आहेत.

कटिंग_चहा

मग एक्क्यांची ट्रेल होती की नव्हती?

नाइलाज_सचिव

विचारलं जिन्यात. म्हणाले, जोडी होती. सत्त्यांची.